अदृश्य जगाचे दर्शन : चार्ल्स अर्बन

लंडनच्या लेस्टर चौकात एके काळी अलहंब्रा नावाचे भव्य रंगमंदिर होते. गाणी, नृत्ये, कसरती आणि नकला पाहण्यासाठी तेथे रोज संध्याकाळी गर्दी लोटत असे. १७ ऑगस्ट १९०३ रोजी याच रंगमंदिराच्या पडद्यावर एक नवी चित्रमालिका झळकली. तिच्यात राजे नव्हते, सैनिक नव्हते, नटनट्याही जवळजवळ नव्हत्या. बेडकाच्या पायाच्या पातळ पडद्यातून धावणारे रक्त, पाणवनस्पतीच्या पानातील पेशींत संथपणे फिरणारा जीवद्रव, गोड्या पाण्यातील जलव्याल आणि तळ्याच्या पाण्यात उड्या मारणारी पाणपिसू हे तिचे नायक होते. एरवी नखाच्या टोकावर मावतील एवढे हे जीव पडद्यावर माणसापेक्षा मोठे होऊन वावरत होते. या मालिकेचे नाव होते 'अदृश्य जग'. ती पडद्यावर आणणारे गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हते आणि शिक्षकही नव्हते. त्यांनी आपल्या आयुष्याची सुरुवात पुस्तके विकण्यापासून केली होती. त्यांचे नाव चार्ल्स अर्बन.

अर्बन यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी या शहरात १५ एप्रिल १८६७ रोजी झाला. जर्मन भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांचे हे मोठे कुटुंब होते. घरची स्थिती बेताचीच होती. लहानपणी बेसबॉल खेळताना झालेल्या अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. इतरांनी न पाहिलेले जगाला दाखवण्याचा ध्यास ज्याने पुढे घेतला, त्याला स्वतःला आयुष्यभर एकाच डोळ्याने पाहावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शालेय शिक्षण लवकर सुटले. मग त्यांनी पुस्तके विकण्याचा व्यवसाय पत्करला. समोरच्या माणसाला काय आवडेल हे क्षणात ओळखावे, त्याचे लक्ष वेधून घ्यावे आणि त्याला नको असलेले पुस्तकही त्याला हवेसे वाटायला लावावे, ही कला त्यांना या व्यवसायाने शिकवली. ती त्यांना अखेरपर्यंत उपयोगी पडली.

पुढे ते डेट्रॉइट शहरात आले. तेथे त्यांनी लेखनसाहित्याचे दुकान चालवले, ध्वनिमुद्रित गाणी ऐकवणाऱ्या फोनोग्राफचा व्यवसाय केला आणि १८९५ च्या सुमारास एडिसन यांचे किनेटोस्कोप हे यंत्र त्यांच्या पाहण्यात आले. त्या पेटीच्या छिद्राला डोळा लावला की आत हलणारी चित्रे दिसत. परंतु एका वेळी एकच माणूस पाहू शकत असे. लवकरच चित्रे पडद्यावर पाडणारी यंत्रे निघाली. तथापि ती चित्रे फार लुकलुकत, आणि काही यंत्रांना चालण्यासाठी वीज लागे. त्या काळी गावोगावी वीज कोठून असणार? अर्बन यांनी वॉल्टर आयझॅक्स या अभियंत्याकडून एक निराळा प्रक्षेपक बनवून घेतला. तो हाताने फिरवता येई आणि त्याचे चित्र पुष्कळच स्थिर असे. या यंत्राला त्यांनी 'बायोस्कोप' हे नाव दिले.

हा शब्द आपल्याला परका नाही. चित्रपटाला बायोस्कोप म्हणणारी पिढी भारताच्या अनेक प्रांतांत होती आणि बंगालमध्ये तर तो शब्द घरोघरी रुळला. कोलकात्याचे हिरालाल सेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रपटांचे खेळ सुरू केले, तेव्हा त्यांनी लंडनच्या वॉरविक कंपनीकडूनच अर्बन यांचा बायोस्कोप मागवला होता. त्यांच्या स्वतःच्या संस्थेचे नावही 'रॉयल बायोस्कोप कंपनी' असेच होते.

१८९७ साली अर्बन लंडनला गेले. एडिसन यांची यंत्रे व चित्रे विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या तेथील शाखेची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवण्यात आली होती. त्यांनी पुढच्याच वर्षी त्या शाखेचे रूप पालटले आणि तिला 'वॉरविक ट्रेडिंग कंपनी' असे इंग्रजी वळणाचे नाव दिले. प्रवासाची दृश्ये, मिरवणुका, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्ध असे प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींचे चित्रण ही या कंपनीची खासियत ठरली. रचलेल्या गोष्टींपेक्षा खऱ्या जगाचे चित्र अधिक मोलाचे, असे अर्बन यांचे ठाम मत होते. १९०३ मध्ये त्यांनी वॉरविक सोडून स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली.

याच सुमारास फ्रान्सिस मार्टिन डंकन या निसर्ग-अभ्यासकाशी त्यांचा संबंध आला. डंकन हे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्यात निष्णात होते. सूक्ष्मदर्शक आणि चलच्चित्रांचा कॅमेरा यांची सांगड घातली तर काय होईल, हा विचार या दोघांच्या भेटीतून साकार झाला. त्यांनी जे संयुक्त यंत्र तयार केले त्याला दोघांच्याही नावांवरून 'अर्बन-डंकन मायक्रो-बायोस्कोप' असे म्हटले जाई.

आज हे काम सोपे वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेतही सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा आता आढळतो. त्या काळी त्यात किती अडचणी होत्या हे समजून घेतले पाहिजे. काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहताना जीव जितका मोठा करावा तितका प्रकाश कमी पडतो. कॅमेऱ्याला तर एका सेकंदात सुमारे १६ चित्रे घ्यायची असतात. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला क्षणाचा अगदी लहानसा अंश येतो. तेवढ्यात फिल्मवर ठसा उमटावा म्हणून अतिशय प्रखर दिवा लावावा लागतो. प्रखर दिव्याबरोबर उष्णता येते, आणि ती त्या थेंबातल्या जीवांना सोसत नाही. ज्याचे जगणे टिपायचे तोच दिव्याखाली मरू लागतो. यासाठी दिवा व काचपट्टी यांच्यामध्ये पाण्याने भरलेले काचेचे पात्र ठेवून उष्णता अडवण्याची युक्ती सूक्ष्मदर्शकाचे अभ्यासक करीत. दुसरी अडचण हादऱ्यांची. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवली की सारे यंत्र थोडे थरथरते. मोकळ्या मैदानावरचे दृश्य टिपताना ते लक्षात येत नाही. पण सूक्ष्मदर्शक जीवाला जसा मोठा करतो तसा हादराही मोठा करतो. तिसरी अडचण स्वतः त्या जीवांचीच. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला एका वेळी पाण्याचा केवळ एक पातळ थर स्पष्ट दिसतो. जीव किंचित वर किंवा खाली सरकला की तो धूसर होतो, आणि बाजूला सरकला की दृष्टीआड होतो. नटाला उभे राहण्याची जागा सांगता येते, पाणपिसूला सांगता येत नाही.

तळ्यातील या जीवांची थोडी ओळख करून घेऊ. पाणपिसू ही खरी पिसू नव्हे. ती कोळंबी व खेकडा यांच्या वर्गातील, दोन-तीन मिलिमीटर लांबीची प्राणी आहे. तिचे कवच इतके पारदर्शक असते की आतले अन्नमार्ग, अंडी आणि भराभर धडधडणारे हृदय बाहेरून दिसते. जलव्याल म्हणजे हायड्रा. एका टोकाने पाणवनस्पतीला चिकटून राहणारी ही बारीक नळी दुसऱ्या टोकाशी असलेल्या शुंडकांनी भक्ष्य पकडते. त्या शुंडकांवर दंशपेशी असतात. एखादी पाणपिसू त्यांना स्पर्शली की जखडली जाते आणि हळूहळू तोंडाकडे ओढली जाते. धोका जाणवताच हाच जलव्याल आकसून ठिपक्याएवढा होतो. छापील चित्रात नळी दिसते, शुंडके दिसतात. आकसणे दिसत नाही. हृदय कोठे असते हे चित्र सांगू शकते, ते कसे धडधडते हे सांगू शकत नाही. अर्बन यांना चलच्चित्राचे मोल येथे दिसले. पुस्तके विकून मोठ्या झालेल्या माणसाला पुस्तकाची मर्यादा नेमकी कळली होती असे म्हणावे लागेल.

आणि पडद्याचा आकार! फिल्मवरची चौकट जेमतेम २५ मिलिमीटर रुंद असते. तिचे चित्र ६ मीटर रुंदीच्या पडद्यावर पाडले तर ते २४० पट मोठे होते. सूक्ष्मदर्शकाने आधीच मोठे केलेले चित्र प्रक्षेपकाने पुन्हा इतके वाढवल्यावर पाण्याचा थेंब तलावासारखा दिसू लागला तर नवल नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकातून एका वेळी एकाच व्यक्तीला पाहता येते. डेट्रॉइटमध्ये ज्या किनेटोस्कोपच्या छिद्राला लोक एकामागून एक डोळा लावीत, त्याची ही उणीव भरून काढणारा पडदा आता सूक्ष्मदर्शकालाही लाभला होता. शेकडो लोक एकाच वेळी एकाच जलव्यालाकडे पाहू लागले.

या मालिकेतील सर्वांत गाजलेला चित्रपट मात्र तळ्यातला नव्हता. तो जेवणाच्या ताटातला होता. एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचता वाचता भोजन करीत आहेत. त्यांच्यासमोर चीजचा तुकडा आहे. हाताशी असलेले भिंग ते सहज त्या तुकड्यावर धरतात आणि पडद्यावर एकदम वळवळणाऱ्या, केसाळ, आठ पायांच्या जीवांची गर्दी दिसू लागते. हे माइट, म्हणजे कोळ्याच्या कुळातील अतिसूक्ष्म जीव. त्या गृहस्थांची भूमिका स्वतः डंकन यांनीच केली होती. प्रेक्षागृहात एकाच वेळी किळस आणि हशा उसळत असावा, अशीच या चित्रपटाची रचना आहे. चीजच्या व्यापाऱ्यांनी यावर बंदी घालण्याची मागणी केली, असेही सांगितले जाते. त्याच वर्षी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने याचे विडंबन काढले. त्यात जेवणारा माणूस अन्न सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, गोल चौकटीत दोन भयंकर किडे फिरताना दिसतात, आणि तेवढ्यात दोन हात येऊन त्या किड्यांना खेळण्याप्रमाणे किल्ली देतात. कोणत्याही नव्या गोष्टीचे विडंबन निघाले की ती लोकांपर्यंत पोहोचली असे खुशाल समजावे.

अर्बन यांच्या कार्यातील खरा पेच येथेच आहे. त्यांना ज्ञान द्यायचे होते. पण ते ज्या रंगमंदिरात देत होते तेथे लोक करमणुकीचे पैसे मोजून येत होते. जलव्याल आणि जीवद्रव यांना पडद्यावर जागा मिळाली, ती चीजमधील किड्यांनी प्रेक्षकांना खेचून आणल्यामुळे. काही अभ्यासकांना हा थिल्लरपणा वाटणे स्वाभाविक होते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांनी प्रक्षेपक विकत घेतले नव्हते, आणि घेण्याची त्यांची तयारीही दिसत नव्हती. ज्वालाग्राही फिल्म, प्रखर दिवा आणि अंधारी खोली यांची शिक्षणसंस्थांना भीती वाटे. १९०७ मध्ये अर्बन यांनी विज्ञान, शिक्षण आणि राज्यकारभार यांतील चलच्चित्राच्या उपयोगाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. शाळा, वैद्यकीय संस्था, सैन्यदल अशा सर्व ठिकाणी चित्रपट हे साधन कसे वापरता येईल याचे विवेचन तिच्यात आहे. आज जे आपण गृहीत धरतो, त्याचा मोठा भाग त्या पुस्तिकेत आधीच मांडलेला आढळतो. पण तिला हवा तसा प्रतिसाद मिळाला नाही.

शिक्षणक्षेत्राच्या या उदासीनतेमुळेच अर्बन यांना त्यांचा सर्वांत गुणी सहकारी मिळाला, हा योगायोगच म्हणायचा. लंडनच्या शिक्षण मंडळाच्या कचेरीत पर्सी स्मिथ नावाचा एक तरुण कारकून होता. फावल्या वेळात कीटकांची छायाचित्रे घेण्याचा त्याला छंद होता. अध्यापनात चित्रपटांचा उपयोग व्हावा असे त्याला मनापासून वाटे, परंतु ज्या मंडळात तो काम करीत होता त्या मंडळालाच त्याच्या कल्पनेत रस वाटला नाही. त्याने काढलेले माशीच्या जिभेचे एक छायाचित्र अर्बन यांच्या पाहण्यात आले आणि त्यांनी या कारकुनाच्या हाती कॅमेरा दिला. १९०८ मध्ये स्मिथने केलेल्या चित्रपटात निळी माशी उताणी राहून आपल्या पायांवर काडी, चेंडू अशा वस्तू लीलया फिरवताना दिसते. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. माशीला शिकवले आहे, असे काहींना वाटले. काहींना यात तारांची हातचलाखी दिसली. वास्तविक माशीला हलकेच अडकवून ठेवले होते. पायांना काही टेकले की ती चालू लागे, आणि ती स्वतः हलू शकत नसल्याने तो चेंडूच गरगर फिरे. चित्रण झाल्यावर माशी सुखरूप सोडून दिली जाई, असे स्मिथ आवर्जून सांगत असे.

१९१० साली स्मिथने कारकुनी सोडली. त्याच वर्षी त्याचा फुलांच्या उमलण्याचा प्रसिद्ध चित्रपट प्रदर्शित झाला. सूक्ष्मदर्शकाने अंतराची मर्यादा ओलांडली होती, येथे काळाची मर्यादा ओलांडली गेली. रीत साधी आहे. समजा, कॅमेऱ्याने दर १५ मिनिटांनी एकच चित्र घेतले, तर एका दिवसात ९६ चित्रे होतात. सेकंदाला १६ या वेगाने ती दाखवली की पूर्ण दिवस ६ सेकंदांत सरतो, आणि तीन दिवस उमलणारे फूल १८ सेकंदांत उमलते. रीत साधी असली तरी तिला लागणारा धीर साधा नव्हता. ठरलेल्या क्षणी चित्र घेतले जावे यासाठी स्मिथने स्वतःची यंत्रणा रचली होती, आणि काही बिघाड झाल्यास रात्री झोपेतून जागे करणाऱ्या घंटा घरात बसवल्या होत्या. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा जो छोटा चित्रपट केला, तो याच तंत्राचा. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढण्यासाठी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी तो तयार केला होता. भारतीय कथापटाच्या जन्माआधी मुंबईत एका अंकुराने पडद्यावर डोके वर काढले होते, ही आठवण येथे करून देणे उचित होईल.

अर्बन यांना आता निसर्गाचे रंगही हवे होते. या ध्यासाचा आरंभही जुना होता. एडवर्ड टर्नर या तरुण संशोधकाच्या रंगीत चलच्चित्रांच्या प्रयोगांना त्यांनी पैसा पुरवला होता; परंतु १९०३ मध्ये टर्नर यांचा अकाली मृत्यू झाला. मग ते काम अर्बन यांनी जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांच्याकडे दिले. (हे स्मिथ आणि माशीचे चित्रण करणारे पर्सी स्मिथ निराळे.) तीन रंगांऐवजी तांबडा व हिरवा असे दोनच रंग वापरून त्यांनी मार्ग काढला. फिरत्या गाळणीतून एक चौकट तांबड्या आणि पुढची हिरव्या प्रकाशात टिपायची, तशीच दाखवायची, आणि वेग दुप्पट ठेवायचा. मग डोळाच दोन्ही रंग एकत्र करतो. १९०९ मध्ये या पद्धतीचे सार्वजनिक खेळ सुरू झाले. तिचे नाव 'किनेमाकलर'.

या पद्धतीने अर्बन यांना कीर्ती दिली ती भारतात. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत सम्राट पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. बंगालची फाळणी रद्द करण्याची आणि राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा याच दरबारात झाली. अर्बन स्वतः आपले छायाचित्रकार घेऊन तेथे हजर होते. हत्ती, झुली, संस्थानिकांचे जरीचे पोशाख आणि सैन्याच्या रांगा यांचे रंगीत चित्रण त्यांनी केले. २ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनच्या स्काला नाट्यगृहात त्याचा खेळ सुरू झाला. रंगमंचावर ताजमहालाचा देखावा उभारला होता, वाद्यवृंद होता, आणि खेळ सुमारे अडीच तास चाले. इतका दीर्घ रंगीत चित्रपट तोवर कोणी पाहिला नव्हता. पैशाचा पाऊस पडला. परंतु या चित्रपटाकडे आपण निराळ्या नजरेने पाहणे क्रमप्राप्त आहे. तळ्यातील थेंबाला न्याय देणाऱ्या अर्बन यांनी दिल्लीत दाखवला तो साम्राज्याचा थाट. त्या थाटाचा खर्च कोण सोसत होते, हे त्या कॅमेऱ्याला दिसले नाही. किंबहुना ते दाखवण्यासाठी तो तेथे नेलेलाच नव्हता. खऱ्या जगाचे चित्र घेतले की सत्य हाती लागतेच असे नाही, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

वैभव फार काळ टिकले नाही. विल्यम फ्रीझ-ग्रीन या दुसऱ्या संशोधकाच्या बाजूने किनेमाकलरच्या पेटंटला आव्हान देण्यात आले. पहिला निकाल अर्बन यांच्या बाजूने लागला, पण १९१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. पेटंटमध्ये नैसर्गिक रंग दाखवण्याचा दावा होता, आणि दोनच रंगांच्या या पद्धतीत निळा रंग यथार्थपणे उमटत नव्हता. आकाशाच्या निळाईने अर्बन यांचा व्यवसाय बुडवला असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. त्यापाठोपाठ पहिले महायुद्ध सुरू झाले. अर्बन यांनी ब्रिटिश शासनासाठी युद्धपटांचे काम केले, १९१६ च्या सॉमच्या लढाईवरील प्रसिद्ध चित्रपटाच्या संकलनात भाग घेतला, आणि युद्धपटांचा प्रचार करण्यासाठी ते अमेरिकेला गेले. मग ते तेथेच राहिले.

अमेरिकेत त्यांनी जुने स्वप्न पुन्हा हाती घेतले. न्यूयॉर्कजवळच्या अर्व्हिंग्टन येथे त्यांनी संस्था उभी केली. आपल्या जुन्या चित्रपटांतून निवड करून निसर्ग, प्रवास आणि विज्ञान यांचा जणू एक जिवंत ज्ञानकोश रचावा, असा त्यांचा बेत होता. त्यांचा सर्वांत विलक्षण प्रयत्न 'स्पायरोग्राफ' या यंत्राचा होता. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एक चकती, तिच्यावर चक्राकार मांडलेली सुमारे १२०० इवलीशी चित्रे, आणि ती फिरवून पाहण्याचे छोटे यंत्र. लांब फिल्म नको, मोठा प्रक्षेपक नको. शिक्षकाने चकती बसवावी आणि वर्गात फूल उमलावे किंवा जलव्याल आकसावा. १९२३ च्या सुमारास हे यंत्र बाजारात आणण्याची खटपट झाली. पण कथापटांच्या लाटेपुढे आणि पैशाच्या चणचणीपुढे ती टिकली नाही. अर्बन यांची कंपनी बुडाली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ते इंग्लंडला परतले.

तिकडे इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथचे काम थांबले नव्हते. १९२२ पासून निघालेल्या 'निसर्गाची रहस्ये' या लघुपटमालेत त्याने वनस्पती, बुरशी, कीटक आणि पाण्यातील सूक्ष्म जीव यांचे चित्रण केले. ही माला १९३३ पर्यंत चालली. सुरुवातीचे भाग मूक होते, नंतरच्या भागांना ध्वनी लाभला. १९३१ च्या एका भागात तर मद्याच्या पेल्याएवढ्या पाण्यातले सूक्ष्म जग दाखवले आहे. ज्या वाटेवर अर्बन यांनी या कारकुनाला आणून सोडले होते ती वाट तो शेवटपर्यंत चालला.

अर्बन यांनी आपली कागदपत्रे १९३७ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला दिली. पत्रे, सूचिपत्रे, करार, जाहिराती, खेळांची पत्रके असा तो ठेवा आहे. पुढे तो ब्रॅडफर्ड येथील संग्रहालयात गेला. २९ ऑगस्ट १९४२ रोजी ब्रायटन येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते, आणि एके काळी लंडनच्या चित्रसृष्टीत अग्रभागी असलेल्या या माणसाची फारशी कोणाला आठवण राहिली नव्हती.

त्यांच्या चित्रपटांपैकी पुष्कळसे कायमचे नष्ट झाले. अडीच तासांच्या त्या दिल्ली दरबारातून उरला तो लहानसा अंश. दरबारानंतरच्या सैन्यसंचलनाचा तो तुकडा इ. स. २००० मध्ये रशियातील क्रास्नोगोर्स्क येथील अभिलेखागारात सापडला. सम्राट, संस्थानिक, हत्ती, छत्रचामरे यांचा बाकीचा सारा रंगीत सोहळा हरवला आहे. चेंडू फिरवणारी माशी मात्र आहे, उमलणारी फुले आहेत, आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवून चीजच्या तुकड्यावर भिंग धरणारे ते गृहस्थही आजतागायत पडद्यावर पाहता येतात.